निमुळती, बुटकी आणि डबीतली

मेणबत्त्यांच्या कारखान्यात कामाला असताना मला सगळ्यात जास्त धास्ती कशाची असायची, तर गिऱ्हाइकाची. आगीची नाही, उकळत्या मेणाची नाही. गिऱ्हाइकाची. कारण दारात गिऱ्हाईक आलं की आमचे मालक उठून उभे राहायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि विचारायचे, "कशाला पाहिजे?"

आता मला सांगा, मेणबत्ती माणूस कशाला घेतो? पेटवायला. पण असं कुणी बोललं की संपलंच. "ते झालंच हो. पण पेटवून काय करणार? वाचणार की जेवणार? खिडकी कुठल्या अंगाला आहे? घरात रांगतं मूल आहे का?" गिऱ्हाईक बिचारं गाडी पकडायच्या घाईत असायचं. चिंचवड स्टेशनाच्या अलीकडे रस्त्याला लागून आमची पत्र्याची शेड, तिथून गाडीची शिट्टी स्पष्ट ऐकू यायची. शिट्टी झाली की अर्धे लोक हात जोडून पळत सुटायचे. मालकांना त्याचं काही नाही. "त्याला नकोच होती," म्हणायचे, आणि बसायचे खाली.

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीला मोठ्या कंपनीचं बांधकाम सुरू झालं होतं आणि आमच्यासारखी साताऱ्याकडची पोरं तिथे लागायचं म्हणून येऊन पडली होती. कंपनी सुरू होईपर्यंत पोटाला काहीतरी हवं म्हणून मी या शेडमध्ये शिरलो. चार महिने काढू म्हटलं आणि तीन वर्षं अडकलो. कारखाना म्हणजे काय, दोन कढया, पत्र्याचे आठ साचे, मी, काळेवाडीहून येणारी तान्हूबाई, आणि मालक. मालक सडपातळ, उंच, बंद गळ्याचा कोट. भुवया जळलेल्या. त्या कधी पूर्ण उगवल्याच नाहीत, कारण हा माणूस दिवसभर ज्योतीत नाक घालून बसायचा.

त्यांचं ठाम मत होतं की नुसती मेणबत्ती अशी वस्तू जगात नसते. तान्हूबाईने आणि मी हे इतक्यांदा ऐकलं होतं की मालकांनी तोंड उघडायच्या आत आम्ही एकमेकांकडे बघायचो. साच्यातली साधी कांडी ही पॅराफिनची, पांढरी, बोटभर जाडीची, दिवे गेले तर घरात फिरायला. बुटकी ही मनगटाएवढी जाड, एका जागी ठेवायची, तिच्या मध्ये मेणाचं तळं साठतं आणि ती तासन्‌तास चालते. निमुळती ही साच्यात होतच नाही. वात चौकटीला टांगून मेणात बुडवायची, काढायची, गार होऊ द्यायची, पुन्हा बुडवायची, अशी तीस-तीस वेळा, तेव्हा कुठे ती करंगळीएवढी होते. ती मेजवानीच्या टेबलाला. डबीतली ही पत्र्याच्या डबीत ओतलेली, लवंडली तरी पेट घेत नाही, म्हणून बाळंतिणीच्या नाहीतर आजाऱ्याच्या खोलीत. आणि मधमाश्यांच्या मेणाची, पिवळसर, मधाचा वास येणारी, ती फक्त देवळाला. म्हणजे ख्रिस्ती देवळाला. आपल्या देवळाला कुणी कुठलीही मागितली तर देणार नाहीत. "समई लावा. ही पांढरी घट्ट व्हायला जे पीठ घालतो ना, ते चरबीपासून काढतात. सोवळ्यात चालेल का?" असं एका भटजींना त्यांनी भर दुपारी चारचौघांत सांगितलं. भटजींनी घेतलेल्या दोन डझन कांड्या तिथेच ठेवल्या, वर आंघोळीला पाणी मागितलं. मी त्यांना म्हटलं, "अहो मालक, त्यांनी विचारलं होतं का?" तर म्हणाले, "विचारायला त्यांना माहीत कुठे होतं?"

सांगा काय बोलायचं!

स्वतःच्या घरी कंदील. होय, रॉकेलचा. मी एकदा निरोप द्यायला गेलो, तर काचेला राख लावून साफ करत बसले होते. मी बघतच राहिलो. ते म्हणाले, "कंदील वाऱ्यात विझत नाही, काम चांगलं देतो. घरात मेणबत्ती कशाला?" म्हणजे जगाने मेणबत्त्या घ्याव्यात की नाही याबद्दल या माणसाला काही पडलेलंच नव्हतं. घेतलीत तर बरोबर घ्या, एवढंच.

फुंकर मारून मेणबत्ती विझवली की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. काडीने वात वाकवायची, वितळलेल्या मेणात बुडवायची आणि लगेच पुन्हा सरळ करायची. धूर होत नाही, वास येत नाही, पुढच्या वेळी वात पटकन पेटते. बरोबर आहे हो. पण हे लोकांच्या घरी जाऊन कशाला करायचं? तान्हूबाईच्या पुतण्याच्या बारशाला दिवे गेले, तर हे पाळण्याशेजारची मेणबत्ती हातात घेऊन यजमानांना वात वाकवायला शिकवत बसले. पाळणा म्हणणाऱ्या बायका अंधारात खोळंबल्या.

खडकीच्या ख्रिस्ती देवळाचं काम आमच्याकडे होतं. एकदा मी चार डझन मेणबत्त्या सायकलवरून पोचवून आलो, मान पाठ एक झाली होती. पाण्याचा तांब्या तोंडाला लावतो न लावतो तोच मालक आले. "परत आण." का? तर वात एक पीळ जाड पडली होती. जाड वात मेण जास्त ओढते, ज्योत उंच होते आणि काजळी धरते. बारीक पडली असती तर मेणात बुडून विझली असती, म्हणजे तेव्हाही मी परत गेलोच असतो. पुन्हा खडकी. पाद्रीसाहेब मराठी चांगलं बोलायचे. म्हणाले, "पण चांगल्या जळतात की!" मी म्हटलं, "साहेब, मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, पण कृपा करून द्या." त्यांनी हसत हसत दिल्या. मला हसू येत नव्हतं, पायांत गोळे आले होते.

तर अशा माणसाच्या हातात माझं लग्न पडलं.

सांगवीची मुलगी होती. माझ्या चुलत बहिणीच्या नवऱ्याने सोयरीक काढली. घरची शेती, माणसं जुनी, खाऊन-पिऊन सुखी. त्यांना कंपनीतला जावई हवा होता. आमच्या भाऊजींनी दडपून सांगितलं की मुलगा आत्ता मेणबत्तीच्या कारखान्यात सुपरवायझर आहे आणि कंपनी सुरू झाली की तिथे लागणार. मला त्यांनी हे बघायला जाताना वाटेत सांगितलं, नदी उतरताना. मी म्हटलं, "अहो, हे खोटं आहे." तर म्हणाले, "कंपनी सुरू झाली की होशीलच ना? मग खोटं कसलं?" आणि मी गप्प बसलो. मुलीला बघितलं, मग तर बोलायची इच्छाच उरली नाही. सावळी, शेलाटी, आणि पाण्याचा तांब्या ठेवताना खाली मान न घालता एकदा सरळ माझ्याकडे बघून गेली. ती बघून गेली आणि मी सुपरवायझर होऊन बसलो.

पंधरा दिवसांनी मुलीचे मामा चौकशीला शेडवर आले. पाहुणे असे अवचित येतातच, चौकशी केल्याशिवाय कोण पोरगी देतो? मी मागे कढईपाशी चौकट बुडवत होतो. मुलगी बघायला गेलो तेव्हा ऐकलेला आवाज ओळखला. चौकट अर्ध्यात सोडली तर बावीस वाती वाया, आणि बाहेर आलो तर मेणाने माखलेला सुपरवायझर. मी तिथेच उभा राहिलो.

मामांना वाटलं, आधी काहीतरी घ्यावं, मग हळूच विषय काढावा. म्हणाले, "मेणबत्ती द्या की."

"कशाला पाहिजे?"

"आता कशाला म्हंजी? घरात उजेड नको व्हय?"

"घरात कुठे? पडवीत की माजघरात?"

मामा पाच मिनिटं घराचा नकाशा सांगत होते. शेवटी चार बुटक्या हातात पडल्या. मग ते म्हणाले, "हितं ते सुपरवायझर हायेत न्हवं? साताऱ्याकडचे?"

"सुपरवायझर? इथे कुणी सुपरवायझर नाही."

"असं कसं? उंच हाय, कुरळ्या केसांचा."

"तो होय! तो साच्यात वाती भरतो. आणि ढिल्या भरतो. वात ढिली राहिली की मेणबत्ती एका बाजूने जळते."

मामांनी मेणबत्त्या धोतराच्या सोग्यात घेतल्या, बरं म्हणाले आणि निघून गेले. गाडीसुद्धा नव्हती त्या वेळेला, पण ते थांबले नाहीत.

मी बाहेर आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मालकांवर ओरडलो. "माझं लग्न मोडलंत तुम्ही! वाटोळं केलंत माझं!" तान्हूबाई धावत आली. मालक माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"लग्न? ते तर उजेडाला म्हणाले."

"अहो, असं कुणी तोंडावर सांगतं का, की तुमच्या माणसाला पोरगी द्यायची आहे म्हणून?"

"मग मला कळणार कसं? कामावरचा माणूस कसा आहे म्हणून विचारलं, मी कामावरचं सांगितलं. लग्नासाठी विचारलं असतं तर वेगळं सांगितलं असतं."

"वेगळं काय?"

"ते तुला कशाला? ते त्यांना सांगेन."

मला वाटलं, विषय संपला. पण चुकीचा माल गेला की हा माणूस तो परत आणल्याशिवाय जेवत नसे, हे मी विसरलो. रविवारी सकाळी बंद गळ्याचा कोट घालून ते माझ्या खोलीच्या दारात उभे. "चल सांगवीला." मी नाही नाही म्हणत होतो, पाया पडलो, पण तान्हूबाईनेही भरीस घातलं. "जावा की. आता आनि काय मोडायचं राहिलंय?"

सांगवीला मुलीच्या वडिलांनी ओट्यावर बसवलं खरं, पण चेहरा आवळलेलाच होता. मामाही होते. मालकांनी क्षमा वगैरे काही मागितली नाही. मामांना म्हणाले, "तुम्ही मला काम खोटं सांगितलंत, म्हणून मी अर्धाच माल दाखवला. आता उरलेला ऐका. हा सुपरवायझर नाही. ते खोटं आहे आणि हा ते ऐकून गप्प बसला, ही याची चूक आहे. वाती ढिल्या भरतो, तेही खरं. पण आमच्या तान्हूबाईला तापात भ्रम झाला, तेव्हा कढई विस्तवावर तशीच सोडून याने तिला सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. सगळं मेण करपलं. परत आला आणि मी विचारायच्या आत म्हणाला, मालक, मेण मी करपवलं. दुसरा म्हणाला असता, बाईमुळे करपलं. घरात ठेवायला असा माणूस चालतो."

मी मान खाली घातली. दोन-सव्वादोन वर्षांत या माणसाने माझ्याबद्दल एक चांगला शब्द काढला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू.

मुलीच्या वडिलांचा चेहरा जरा सैल झाला. मामा म्हणाले, "आता कसं बोललात! मंग आमचं काय म्हननं न्हाई." झालं होतं हो. जुळलंच होतं. कुणीही शहाणा माणूस तिथे चहा पिऊन उठला असता. पण नाही!

"आता मुलीला बोलवा," मालक म्हणाले. "तिला कशाला पाहिजे ते विचारलं पाहिजे."

"काय कशाला पायजे?"

"नवरा."

मी मालकांचा कोट ओढला. वडील लाल झाले. "पोरीला काय इचारायचं त्यात? आमी हाय की हितं!"

"वापरणार ती ना?" मालक शांतपणे म्हणाले.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वडील उठून उभे राहिले होते, मामा त्यांचा हात धरत होते, आणि तेवढ्यात मुलगीच दारात आली. आत उभी राहून सगळं ऐकत असणार. पदर नीट केला आणि मालकांकडे बघून म्हणाली, "मी सातवीची फायनल पास झालीया. मला पुन्याला ट्रेनिंगला जायचंय. मास्तरीण व्हायचंय. दोन वर्सांचं हाय."

"घरी सांगितलंस?"

"कुनी इचारलं न्हाई."

मालक माझ्याकडे वळले आणि दुकानात सांगावं तसं म्हणाले, "मग तू आत्ता चालणार नाहीस." आलो होतो कशाला, बोलतोय काय! स्वतः जुळवलेलं स्वतः मोडत होता हा माणूस, तेही माझ्या तोंडावर. मी काहीतरी बोलणार, एवढ्यात ती म्हणाली, "दोन वर्सं थांबत असतील तर माजी ना न्हाई."

आणि पुन्हा तसंच सरळ बघितलं. सगळेच माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "थांबतो."

"पूर्ण दोन वर्षं?" मालक म्हणाले. "नीट विचार करून सांग. कमी पडायचं नाही."

"थांबतो म्हटलं ना!" मी त्यांच्यावर खेकसलो. आणि खरं सांगतो, त्या घटकेला मी मनापासून बोललो होतो. वडिलांनी बराच वेळ मिशी ओढली आणि म्हणाले, "बगा बाबा, सबूद दिलाय तुमी." त्याच सबुदावर त्यांनी तिला ट्रेनिंगला पाठवलं. लग्न ठरलेली पोरगी म्हणून गावात कुणी काही बोललं नाही. नाहीतर तिला कुणी जाऊ दिलं नसतं, हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं.

मग मालकांनी माझ्या नाकी नऊ आणले. दर महिन्याला साचा उघडता उघडता विचारायचे, "थांबतोयस ना?" कढई उतरवताना, "किती झाले? चार?" जसं काही मी घड्याळ लावून जाळायला ठेवलेली मेणबत्ती होतो. मी चिडायचो. एकदा म्हटलं, "मालक, माझं मी बघेन." ते म्हणाले, "बघ की."

दहा महिने थांबलो. मग कंपनी सुरू झाली, मला तिथे लावून घेतलं आणि मी शेड सोडली. जत्रेला गावी गेलो, तर आईने मुलगी बघून ठेवलेली. नात्यातली, घरातल्या घरात. आई रडली, थोरला भाऊ बोलला, मास्तरीण बायको कुणाच्या ऐकण्यात राहणार म्हणाला. मी एकदा नाही म्हटलं, दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. वैशाखात लग्न झालं. बायको चांगली मिळाली, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मालकांना जाऊन सांगितलं. ते निमुळत्या मेणबत्त्यांची चौकट टांगत होते. हात न थांबवता म्हणाले, "सांगवीला कधी जाणार सांगायला?" मी म्हटलं, जाईन. पुढच्या आठवड्यात स्टेशनावर भेटले. "गेलास?" जाईन म्हटलं. तिसऱ्यांदा भेटले तेव्हा मी वैतागून म्हटलं, "जाईन हो, शिफ्टमधून सवड नको का मिळायला?" त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं. मला हायसं वाटलं. सांगवीला मी गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार? त्यांना कळेल कुठूनतरी, असं म्हणून दिवस काढले, आणि पुढे पुढे त्या बाजूचा रस्ताच टाळायला लागलो.

तीन-चार वर्षांनी बायको-पोराला घेऊन चिंचवडच्या बाजारात गेलो होतो, मिरच्या घेताना कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. मामा. मला वाटलं, आता चारचौघांत कानाखाली वाजते. पण मामांनी माझ्या पोराच्या गालाला हात लावला, बरा हायेस का म्हणाले. मग म्हणाले, पोरगी मास्तरीण झाली, पिंपळे गुरवला शाळेवर असते, औंदा तिचंही ठरलंय.

मी म्हटलं, "मामा, माझ्याकडून तेव्हा..."

"ऱ्हाऊ दे रं. तुजा काय दोस न्हाई. तुजा मालक आला हुता त्या साली. वट्यावर बसून म्हनला, पोरगा थांबाया तयार हुता, म्याच त्याला थांबू दिलं न्हाई. दुसरी पोरगी म्याच दावली, म्याच गळ घातली. दाजींनी लई शिव्या घातल्या त्याला. आईबापावरून घातल्या. खाली मान घालून बसला, ऐकून घेतल्या समद्या, नि पोरीचं ट्रेनिंग तेवडं मोडू नगा म्हनून हात जोडून गेला." मामांनी मान हलवली. "पर असं वागावं व्हय मानसानं? आँ? तूच सांग."

मालक तेव्हा जिवंत होते. शेड तिथून अर्ध्या मैलावर होती, संध्याकाळचे पाच वाजले होते, म्हणजे ते साचे उघडत असणार. बायको दोन पावलांवर कोथिंबीर निवडत होती. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हटलं, "काय सांगू मामा, लई हेकट माणूस."